पीपीपी (सार्वजनिक-खासगी भागीदारी) प्रकल्प हातात घेताय? सही करण्याआधी आणि सही झाल्यावर काय काय करायचं

‘तिजोरीतला एक पैसाही न जाता हा पूल उभा राहणार आहे’ असं वाक्य भाषणात ऐकलं की मी आधी करारातलं हमीचं कलम शोधतो, म्हणजे वसुली कमी पडली तर सरकार भरून देईल असं सांगणारं. बहुतेक वेळा ते सापडतं.

पुलाचे पैसे शेवटी दोनच खिशांतून येतात. एक पूल वापरणाऱ्याचा आणि दुसरा कर भरणाऱ्याचा. खासगी कंपनी आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या बँका मधल्या काळापुरते पैसे घालतात आणि व्याज-नफ्यासकट वसूल करतात. त्यामुळे ‘सरकारकडे पैसे नाहीत म्हणून पीपीपी’ हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं कारण सगळ्यात लंगडंही आहे. सार्वजनिक-खासगी भागीदारीचा खरा फायदा दुसरीकडे आहे. जो बांधणार त्यालाच पुढची 25 वर्षं दुरुस्तीही करायची असेल, तर तो डांबराच्या थरात काटकसर करायला धजत नाही. काम लांबलं तर त्याचंच व्याज चढतं. शिवाय देखभालीचा पैसा करारातच बांधलेला असल्यामुळे दरवर्षीच्या अंदाजपत्रकात त्यावर कात्री चालत नाही. हे तिन्ही फायदे आपोआप मिळत नाहीत, ते कराराच्या कलमांतून मिळवावे लागतात.

हा लेख टेबलाच्या सरकारी बाजूला बसणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे मंत्रालयातला विभाग, महापालिका, पाणीपुरवठा मंडळ वगैरे. असे करार बाहेरून वाचणाऱ्यांनाही तो उपयोगी पडावा.

पायरी 1: आधी प्रकल्प ठरवा, पद्धत नंतर

प्रकल्प हवा की नको हे पीपीपीचं नावही न काढता ठरवायचं. हाच रस्ता सरकारने स्वतः बांधायचा असता, तर तो या वर्षीच्या यादीत कितव्या क्रमांकावर आला असता? विसाव्या क्रमांकावरचा प्रकल्प ‘खासगी पैसा येतोय’ म्हणून पहिला आला, तर तुम्ही नको असलेली वस्तू हप्त्यावर घेताय.

प्रकल्प खरोखर हवा असेल तर पुढचा प्रश्न तो पीपीपीला जुळतो का हा. सेवेचा दर्जा मोजता यायला हवा. गरज वीस-पंचवीस वर्षं फारशी बदलणार नसावी. आणि प्रकल्प पुरेसा मोठा हवा, कारण सल्लागार, वकील, निविदा, आर्थिक मॉडेल यांचा खर्च छोट्या कामातही जवळजवळ तेवढाच येतो. रस्ते, बंदरं, विमानतळ, वीजनिर्मिती, सांडपाणी प्रक्रिया ही कामं सहसा बसतात. दर चार वर्षांनी जुनी होणारी संगणक यंत्रणा बसत नाही.

पायरी 2: पैसे कोण देणार ते एका ओळीत लिहा

वापरणारा देणार असेल तर टोल, पाणीपट्टी, विमानतळ शुल्क. सरकार देणार असेल तर दर सहामाहीला ठरलेला हप्ता, ज्याला अ‍ॅन्युइटी म्हणतात. तो सेवा ठरल्याप्रमाणे मिळाली तरच द्यायचा. बाकीचे सगळे प्रकार या दोहोंचं मिश्रण आहेत. भारतातली व्यवहार्यता तफावत निधीची योजना हे एक मिश्रण. समाजाला हवा, पण नुसत्या वसुलीवर न चालणारा प्रकल्प असेल तर रस्ते-बंदरांसारख्या कामांत केंद्र खर्चाच्या 20 टक्क्यांपर्यंत अनुदान देतं आणि प्रकल्प राबवणारी सरकारी संस्था आणखी 20 टक्क्यांपर्यंत भर घालू शकते. भारतातल्याच महामार्गांसाठी 2016 मध्ये आलेलं हायब्रिड अ‍ॅन्युइटी मॉडेल हे दुसरं. त्यात 40 टक्के रक्कम बांधकाम चालू असताना मिळते, उरलेली नंतरच्या हप्त्यांत, आणि टोलची वसुली सरकारकडे राहते. वाहतूक कमी आली तर फटका सरकारला बसतो, कंपनीला नाही. हे मॉडेल का आलं? त्याआधीच्या काही वर्षांत कंपन्यांनी वाहतुकीचे भरमसाट अंदाज धरून रस्ते घेतले, कर्जं थकली आणि नव्या निविदांना बोली लावायला कोणी पुढे येईना.

ही ओळ लिहिताना ‘लोकांची ऐपत’ हा शब्द नुसता लिहून चालत नाही. बोलिव्हियातल्या कोचाबांबा शहराचा पाणीपुरवठा 1999 मध्ये खासगी गटाला दिला गेला. बोली एकच आली होती आणि मोठ्या धरणाचा खर्चही त्याच करारात घातला होता. पाणी बिलं वाढली, लोक रस्त्यावर उतरले आणि एप्रिल 2000 मध्ये करार मोडला. कागदावर वसुलीचं गणित जुळत होतं, पण ते बिल कोणत्या घरात जाणार आहे हे पुरेसं पाहिलं गेलं नव्हतं.

पायरी 3: मागणीचा अंदाज स्वतः उलटून पाहा

या पायरीवर मी मुद्दाम जास्त वेळ घालवणार आहे, कारण जास्तीत जास्त प्रकल्प इथेच आजारी पडतात.

वाहतुकीचा अंदाज करून देणारा सल्लागार, प्रकल्प हवा असणारा विभाग आणि बोली जिंकायची असणारी कंपनी या तिघांनाही आकडा मोठा असलेला आवडतो. स्टँडर्ड अँड पुअर्स या पतमापन संस्थेने जगभरातल्या शंभरेक टोल प्रकल्पांचा आढावा घेतला तेव्हा पहिल्या वर्षाची प्रत्यक्ष वाहतूक सरासरीने अंदाजाच्या तीन चतुर्थांशाच्या जवळपास निघाली. रेल्वेची गोष्ट याहून वाईट. मोठ्या प्रकल्पांचे अभ्यासक बेंट फ्लिव्हबर्ग आणि सहकाऱ्यांनी तपासलेल्या रेल्वे प्रकल्पांत प्रवाशांचे अंदाज सरासरीने प्रत्यक्षाच्या दुपटीहून जास्त होते.

एक चतुर्थांश वाहतूक कमी म्हणजे नेमकं काय होतं ते आकड्यांत पाहू. समजा रस्त्याचं वर्षाचं अंदाजित उत्पन्न 160 आहे, देखभाल आणि वसुलीचा खर्च 30 आणि बँकेचा हप्ता 100. हातात 130 उरतात, हप्ता 100 चा, म्हणजे बँकेच्या भाषेत कव्हर 1.3. बँक समाधानी. आता वाहतूक 23 टक्क्यांनी कमी आली असं धरा. उत्पन्न झालं 123.2. देखभालीचा खर्च मात्र तेवढाच राहतो, कारण पाऊस आणि ट्रक अंदाज वाचून पडत-धावत नाहीत. हातात राहतात 93.2 आणि हप्ता 100. पहिल्याच वर्षी कंपनी थकबाकीदार होते, आणि दुसऱ्या वर्षी तिचा माणूस तुमच्या दारात करार बदलून मागायला उभा असतो.

म्हणून अहवाल हातात आला की सारांश बाजूला ठेवा आणि परिशिष्टातली मोजणी काढा. मोजणी किती दिवस केली, कोणत्या ऋतूत केली? रात्रीचे ट्रक मोजले का? अनेक अहवालांत सकाळी सहा ते रात्री दहाची मोजणी एखाद्या गुणकाने फुगवून चोवीस तासांची केलेली असते. तो गुणक कुठून आला ते विचारा. मग शेजारचा फुकट रस्ता बघा. नव्या रस्त्याने किती मिनिटं वाचतात? त्या मिनिटांची किंमत कोणासाठी किती? ट्रकचालकाला खेपेमागे ठरावीक रक्कम मिळत असेल, तर टोल त्याच्या खिशातून जातो आणि तो जुन्या रस्त्यानेच जातो, मग दोन तास जास्त का लागेनात. मालक टोल वेगळा देत असेल तर चित्र बदलतं. हा एक प्रश्न धाब्यावर बसून दहा चालकांना विचारला तरी तीनशे पानी अहवालात नसलेली माहिती मिळते.

शेवटी वाढीचा दर. पुढची तीस वर्षं वाहतूक दरवर्षी सात-आठ टक्क्यांनी वाढेल असं लिहिलेलं असेल, तर तिसाव्या वर्षीचा आकडा काढून बघा. तेवढी वाहनं त्या रस्त्याच्या लेनमध्ये मावतात का? मी एकदा हा हिशेब केला तेव्हा गाड्या एकमेकींवर रचाव्या लागल्या असत्या.

पायरी 4: जोखीम वाटून घ्या, पण ढकलू नका

एक साधा तक्ता करा. डावीकडे काय काय बिघडू शकतं ते लिहा आणि उजवीकडे फटका कोणाला बसणार ते. ज्याच्या हातात ती गोष्ट आहे, त्याच्याकडे जोखीम जावी. बांधकामाचा खर्च, वेळ, दर्जा, दुरुस्ती हे सगळं कंपनीकडे. जागा ताब्यात देणं, सरकारी परवानग्या, कायद्यातला बदल हे सरकारकडे. इथपर्यंत भांडण नसतं. भांडण होतं ते कोणाच्याच हातात नसलेल्या गोष्टींवरून, म्हणजे मागणी, चलन आणि कच्च्या मालाचा भाव.

सगळी जोखीम कंपनीच्या गळ्यात मारली की सरकार जिंकलं, असं नव्या अधिकाऱ्याला वाटतं. कंपनी एक तर त्या जोखमीची किंमत बोलीत लावते, किंवा न लावता जिंकते आणि मग बुडते. बुडालेल्या कंपनीचा रस्ता लोकांच्या अंगणातच असतो, म्हणून जोखीम फिरून सरकारकडेच येते.

चलनाचं उदाहरण फिलिपाइन्सचं घ्या. मनिलाचा पाणीपुरवठा 1997 मध्ये शहराचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग करून दोन कंपन्यांना दिला गेला. जुन्या सरकारी संस्थेवर डॉलरमधलं कर्ज होतं आणि त्यातला सुमारे 90 टक्के बोजा पश्चिम विभागाच्या कंपनीवर टाकला होता. काही महिन्यांतच आशियाई वित्तीय संकट आलं. डॉलरला सुमारे 26 पेसो असलेला भाव 2001 पर्यंत 50 च्या वर गेला. पाण्याचं बिल पेसोत, कर्ज डॉलरमध्ये. 2002 च्या अखेरीस कंपनीने करार सोडण्याची नोटीस दिली आणि शेवटी तो विभाग नव्या मालकांकडे गेला. पूर्व विभागाची कंपनी त्याच शहरात, त्याच नियमांखाली तगली. तिच्या वाट्याला कर्ज कमी आलं होतं, हे त्यामागचं एक मोठं कारण. धडा सरळ आहे. कमाई ज्या चलनात, कर्जही शक्यतो त्याच चलनात घ्या. देशातल्या बँका वीस वर्षांचं कर्ज देत नसतील तर प्रकल्पाचे तुकडे करा, स्थानिक रोखे काढा किंवा चलनाचा किती भार दरात चढवता येईल याची मर्यादा करारात आधीच लिहा.

इंधनाचं उदाहरण भारतातलं. गुजरातमधल्या मुंद्र्याचा 4000 मेगावॅटचा वीज प्रकल्प युनिटला सरासरी 2 रुपये 26 पैसे अशा आकर्षक बोलीवर गेला. कोळसा इंडोनेशियाचा होता. 2010 मध्ये इंडोनेशियाने कोळशाची निर्यात बाजारभावाशी जोडली आणि गणित कोसळलं. ही दैवी आपत्ती आहे, कायद्यातला बदल आहे असं कंपनीचं म्हणणं होतं. एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळलं, कारण दुसऱ्या देशातला नियम बदलला म्हणून करार अशक्य होत नाही, तो फक्त महाग होतो. ग्राहकाच्या बाजूने निकाल लागला म्हणून वीज मिळत राहिली असं मात्र नाही. तोट्यात वीज विकायला कोणी तयार नसतं, आणि पुढची तडजोडीची बोलणी वर्षानुवर्षं रेंगाळली. ‘फोर्स मजूर’ (म्हणजे दैवी आपत्ती) आणि ‘कायद्यातील बदल’ ही दोन कलमं वकिलाकडून आलेल्या नमुन्यातून जशीच्या तशी उचलू नका. कोणत्या देशाचा कायदा, कोणत्या वस्तूचा भाव, किती टक्क्यांपर्यंत, हे शब्दांत लिहा.

मागणीच्या जोखमीवर चिलीने काढलेला तोडगा मला आजवर सगळ्यात शहाणा वाटतो. 1998 मध्ये सांतियागो ते व्हालपाराइसो या रस्त्याची निविदा काढताना त्यांनी मुदत ठरवलीच नाही. बोली लागली ती एकूण टोल उत्पन्नाच्या आजच्या मूल्यावर (पुढे मिळणाऱ्या पैशाची आज धरलेली किंमत), आणि सर्वात कमी रक्कम मागणारा जिंकला. ती रक्कम वसूल होईल त्या दिवशी करार संपतो. वाहतूक जास्त आली तर रस्ता लवकर सरकारकडे येतो, कमी आली तर कंपनीला जास्त वर्षं मिळतात. पुढे कधी रस्ता मुदतीआधी परत घ्यायचा झाला, तर द्यायची रक्कमही समोरच असते, म्हणजे उरलेली वसुली. याचा तोटा एकच. जास्त वाहनं आणण्यासाठी कंपनी धडपडत नाही. रस्त्याला ते चालतं, विमानतळाला चालेलच असं नाही.

पायरी 5: परवडतं का, आणि स्वस्त पडतं का

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दक्षिण आफ्रिकेने 2000 मध्ये आपल्या अर्थखात्यात पीपीपी कक्ष काढला. त्यांच्या नियमांत खात्याला परवडणं, पैशाचा मोबदला मिळणं आणि जोखीम खरोखर खासगी बाजूला जाणं अशा तीन कसोट्या आहेत. मूळ नियमांप्रमाणे एकेका टप्प्यावर अर्थखात्याची मंजुरी मिळाल्याशिवाय पुढे जाता येत नसे. हा ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार प्रकल्प हवा असलेल्या खात्याकडे असू नये, एवढं तरी त्यांच्याकडून उचलावं.

‘स्वस्त पडतं’ हे दाखवणाऱ्या तक्त्यात एक आकडा सगळा खेळ करतो. तो म्हणजे सवलत दर, पुढच्या पैशाचं आजचं मूल्य काढायचा दर. समजा सरकारने स्वतः बांधलं तर आज 850 लागतात, आणि पीपीपीत 20 वर्षं दरवर्षी 100 द्यायचे आहेत. 8 टक्के दर धरला तर त्या हप्त्यांचं आजचं मूल्य सुमारे 982 येतं, म्हणजे पीपीपी महाग. 12 टक्के धरला तर तेच 747 होतं, म्हणजे पीपीपी स्वस्त. हप्ते तेच, फक्त एका खान्यातला आकडा बदलला. त्यामुळे हा दर प्रकल्पागणिक ठरता कामा नये. तो अर्थखात्याने सर्वांसाठी आधीच जाहीर केलेला असावा. आणि मॉडेलची फाइल पीडीएफमध्ये नको, सूत्रांसकट मागा.

परवडण्याचा प्रश्न जास्त निष्ठुर आहे. लेसोथोची राजधानी मासेरू इथे 2011 मध्ये पीपीपीतून मोठं रुग्णालय उघडलं. करार 18 वर्षांचा होता. वर्षाला 20,000 दाखल रुग्ण आणि 3,10,000 बाह्यरुग्ण एवढी सेवा ठरलेल्या रकमेत बसत होती, त्यापुढच्या रुग्णांचे पैसे वेगळे. इमारत चांगली, उपचार आधीपेक्षा चांगले, आणि म्हणूनच लोक आले. मर्यादा ओलांडली गेली. देशाच्या आरोग्य अंदाजपत्रकाचा निम्म्याहून जास्त भाग हे एकच रुग्णालय खातं, असा दावा ऑक्सफॅम या स्वयंसेवी संस्थेने 2014 मध्ये केला. जागतिक बँकेला तो आकडा मान्य नव्हता, पण ताण कोणी नाकारला नाही. 2021 मध्ये सरकारने करार संपवला. यशाचीही किंमत मोजावी लागते, म्हणून तक्त्यात ‘अपेक्षेपेक्षा जास्त वापर’ अशीही एक ओळ असू द्या.

हमी हा लपलेला खर्च. दक्षिण कोरियाने 1999 पासून रस्ते-रेल्वेला किमान उत्पन्नाची हमी दिली, ती अंदाजाच्या 90 टक्क्यांपर्यंत होती. अंदाज फुगलेले निघाले, फरक तिजोरीतून जात राहिला, आणि 2009 मध्ये नव्या प्रकल्पांसाठी ही पद्धत बंद झाली. हमी देताना एकच शिस्त पाळा. तिचा संभाव्य खर्च पहिल्याच वर्षी अंदाजपत्रकाला जोडलेल्या कागदात आकड्यासकट छापा. आंतरराष्ट्रीय सार्वजनिक लेखा मानक 32 प्रमाणे, मालमत्तेवर आणि सेवेवर सरकारचं नियंत्रण असेल तर ती सरकारच्याच ताळेबंदात दिसायला हवी. ‘कर्जात दिसत नाही’ याच कारणासाठी पीपीपी निवडायची झाली, तर तो निर्णय तिथेच थांबवलेला बरा.

पायरी 6: जागा, परवानग्या, माणसं

हे काम निविदेआधीचं. सगळ्यांना माहीत असतं, तरी ते नंतरवर ढकललं जातं. अर्धी जागा ताब्यात नसताना कंपनीला काम सुरू करायला लावलं, तर उशिराची भरपाई सरकारच्या अंगावर येते. भारतातल्या राष्ट्रीय महामार्गांच्या आदर्श करारात काम सुरू होण्याच्या दिवशी 80 टक्के जागा हाती असण्याची अट घातली गेली. उरलेल्या 20 टक्क्यांत पुलाच्या पायाची जागा येत असेल तर 80 चा आकडा निरर्थक, म्हणून टक्का बघू नका, नकाशा बघा. जमिनीखालच्या जलवाहिन्या आणि केबल कोण हलवणार, कोणाच्या खर्चाने, तेही आत्ताच लिहा. विस्थापितांचं पुनर्वसन कंपनीवर टाकणं हा पळपुटेपणा आहे. लोक तिच्याशी नाही, तुमच्याशी भांडायला येणार आहेत.

पायरी 7: निविदा

बोलीचा निकष एकच ठेवा. कमीत कमी अनुदान, कमीत कमी दर, जास्तीत जास्त महसूल वाटा, यांपैकी कोणताही एक. बाकी सगळं पात्रतेत तपासा. जॉर्डनने अम्मानच्या क्वीन आलिया विमानतळासाठी 2007 मध्ये एकूण महसुलातला सर्वाधिक वाटा हा निकष ठेवला आणि 54.47 टक्के मिळवले.

पण निकष चुकला की सगळंच चुकतं. मेक्सिकोने 1989 ते 1994 या काळात पन्नासाहून अधिक टोल रस्ते दिले. निकष होता सर्वात कमी मुदत. मुदत कमी म्हणजे टोल चढा, टोल चढा म्हणजे ट्रक फुकट रस्त्यावर. त्यात बांधकामाचे खर्च वाढले आणि 1994 च्या अखेरीस पेसो कोसळला. 1997 मध्ये सरकारला 23 रस्ते कर्जासकट परत घ्यावे लागले.

फारच स्वस्त बोली आली तर आनंदित होऊ नका. मनिलाच्या पूर्व विभागाची बोली आधीच्या दराच्या सुमारे 26 टक्केच होती. ती कंपनी तगली, पण अशा बोलीमागे ‘आधी जिंकू, मग बोलणी करू’ असा हिशेब असण्याची शक्यता मोठी असते. एकच बोली आली तर निविदा पुन्हा काढावी, असं माझं स्पष्ट मत आहे, मग सहा महिने गेले तरी चालतील.

कंपनी स्वतःहून प्रस्ताव घेऊन आली तर? मोह होतो, कारण अहवाल, नकाशे, मॉडेल सगळं तयार असतं. दाभोळच्या वीज प्रकल्पाचा 1992 मधला समझोता स्पर्धात्मक निविदेशिवाय झाला होता. पुढे करार रद्द, फेरवाटाघाटी, पुन्हा सुरुवात आणि 2001 मध्ये बंद असं सगळं झालं. दुसरी पद्धत स्विस चॅलेंजची, म्हणजे इतरांकडून बोली मागवून मूळ प्रस्तावकाला बरोबरी करायची संधी देण्याची. मनिला विमानतळाच्या टर्मिनल 3 ला आव्हान देणारा जिंकलासुद्धा. पण करार 1997 मध्ये सही होताना आणि नंतर बोलीच्या मसुद्यात कंपनीच्या सोयीचे मोठे बदल झाले, आणि 2003 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. जवळजवळ बांधून झालेली इमारत 2008 पर्यंत रिकामी उभी होती. बोली उघडल्यानंतर मसुद्यातला स्वल्पविरामसुद्धा हलवू नका. शंका, दुरुस्त्या, प्रश्नोत्तरं सगळी आधी, सर्वांसमोर, लेखी.

पायरी 8: करारातली चार-पाच कलमं

करार पाचशे पानांचा असतो, पण रात्री जागून वाचायची कलमं थोडीच.

पहिलं, दर्जाचं. ‘रस्ता सुस्थितीत ठेवावा’ हे वाक्य कोर्टात टिकत नाही. त्याऐवजी असं लिहा: खड्डा नोंदल्यापासून 24 तासांत बुजवायचा, पृष्ठभागाचा खडबडीतपणा वर्षातून दोनदा ठरलेल्या यंत्राने मोजायचा, मर्यादेबाहेर गेलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे हप्त्यातून अमुक रक्कम कापायची. कोण मोजणार? सरकार आणि कंपनी दोघांनी मिळून नेमलेला स्वतंत्र अभियंता. त्याचा पगार कोणाच्या हातात आहे तेही बघा, कारण माणूस पगार देणाऱ्याकडेच बघून मोजतो.

दुसरं, मुदतीआधी करार संपला तर द्यायच्या रकमेचं. कंपनीच्या चुकीने संपला तरी बँकांचं सगळं कर्ज सरकार फेडणार, असं लिहून दिलं तर बँका कंपनीवर लक्ष ठेवायचंच सोडून देतात. काही टक्के तरी त्यांच्या अंगावर राहू द्या. त्याबरोबर कंपनी घसरली तर बँकांना तिच्या जागी दुसरी आणण्याची संधी द्या.

तिसरं, फेरकर्जाच्या फायद्याचं. बांधकाम संपलं की जोखीम उतरते, कंपनी स्वस्त कर्ज घेते आणि मोठा फायदा हातात पडतो. त्यात सरकारचा वाटा आधी लिहिलेला नसेल तर नंतर मागता येत नाही.

चौथं, दरवाढीचं सूत्र. महागाईशी जोडा, पण पूर्ण नको. कर्जाचा हप्ता महागाईने वाढत नाही, देखभालीचा खर्च वाढतो. आणि निवडणुकीच्या वर्षी दरवाढ रोखायची वेळ आली, तर कंपनीला भरपाई कशी द्यायची याची तरतूद ठेवा. ती वेळ येतेच.

वादांसाठी कायमचं त्रिसदस्यीय मंडळ, मग लवाद. यावर जास्त लिहीत नाही.

पायरी 9: सही ते पहिला हप्ता

सही झाली म्हणजे पैसे आले असं नाही. बँकांची कर्जमंजुरी पूर्ण व्हायला महिने लागतात, म्हणून तारीख आणि ती चुकली तर बोलीची अनामत जप्त, असं ठरवा. मुदतवाढ एकदाच द्या.

पायरी 10: पुढची पंचवीस वर्षं

करारावर बोलणी करणारा चमू सही झाल्यावर पांगतो. सल्लागार जातात, सचिव बदलतात आणि करार कपाटात जातो. कंपनीकडे मात्र त्याच कराराची पानं पाठ असलेले वकील तीस वर्षं बसलेले असतात. म्हणून दोन-तीन माणसांचा छोटा का होईना, पण कायमचा कक्ष हवा. मोजणीचे अहवाल, कपाती, पत्रव्यवहार सगळं त्याच्या हाती. कंपनीच्या पत्राला ठरलेल्या दिवसांत उत्तर गेलं नाही तर ‘मान्य’ धरलं जाईल, असं कलम अनेक करारांत असतं. पत्र कुठे अडकलं ते शोधण्यातच सरकारने हरलेले दावे काही कमी नाहीत.

फेरवाटाघाटीची तयारी पहिल्या वर्षापासून ठेवा. जागतिक बँकेतले अर्थतज्ज्ञ होझे लुईस ग्वाश यांनी लॅटिन अमेरिकेतले 1985 ते 2000 या काळातले हजाराच्या आसपास करार तपासले. वाहतुकीतले 55 टक्के आणि पाण्यातले 74 टक्के करार पुन्हा उघडले गेले होते, तेही सरासरी दोन वर्षांच्या आसपासच. फेरवाटाघाटीत स्पर्धा नसते, प्रकाश नसतो. ब्राझीलच्या ओडेब्रेख्ट या बांधकाम कंपनीने 2016 मध्ये अमेरिकी न्यायखात्यापुढे बारा देशांत मिळून सुमारे 788 दशलक्ष डॉलरची लाच दिल्याचं कबूल केलं, आणि त्यात पायाभूत कामांचे करार मोठ्या संख्येने होते. मूळ करार आणि त्यातला प्रत्येक बदल संकेतस्थळावर टाका. बदलामुळे कंपनीचा परतावा किती टक्क्यांवरून किती झाला, हे शेजारी लिहा. पहिली तीन वर्षं करार उघडायचाच नाही, अशी बंदी मूळ करारातच घालता येते.

राहिली शेवटची वर्षं. मालमत्ता परत द्यायची वेळ जवळ आली की कंपनी देखभालीवर हात आखडता घेते, आणि तिच्या जागी मी असतो तर मीही घेतला असता. म्हणून मुदत संपण्याच्या पाच वर्षं आधी संयुक्त तपासणी करा, दुरुस्तीची यादी किंमतीसह काढा आणि तेवढी रक्कम कंपनीच्या उत्पन्नातून दरमहा वेगळ्या खात्यात अडकवा. यादीतलं काम झालं की पैसे मोकळे, नाही झालं तर त्यातून तुम्ही करून घ्या. या तपासणीची तारीख सही होतानाच कक्षाच्या नोंदवहीत लिहून ठेवा, कारण त्या दिवशी टेबलाभोवती बसलेल्यांपैकी कोणीही तेव्हा नोकरीत नसेल.